कपारीवरच्या लोकांचा धर्म

गोरेगाव, ता. सेनगाव
४ फेब्रुवारी २०२४

चि. सपना,

जय भीम. फोन तू उचलत नाहीस आणि मीही आता करत नाही. पत्र उचलावं लागत नाही, ते आपलं आपण टेबलावर येऊन पडतं, म्हणून तुझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. काम माझं आहे, घरचं नाही. घरी ये म्हणणार नाही, रडगाणंही गाणार नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारावी असा माणूस मला या तालुक्यात सापडला नाही.

मी कादंबरी लिहितो आहे. हसून घे. एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडणाऱ्या माणसानं रिटायर झाल्यावर शेळ्या पाळाव्यात, असं सगळ्यांचं मत आहे. तरी एकशे चाळीस पानं झाली.

एक डोंगर आहे. त्याचा माथा कोणी पाहिला नाही. खाली दरी आहे, तिचा तळ कोणी पाहिला नाही. मधे एक कपार आहे, सात कोस लांब आणि पाच माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढीच रुंद. त्या कपारीवर अख्खा मुलूख राहतो. तिथंच जन्मतो, तिथंच पेरतो, तिथंच मरतो. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला कडा. मी त्यांना कपारी लोक म्हणतो.

अडचण अशी की त्यांना धर्मच नाही. एकशे चाळीस पानं ते नुसते खातात, चालतात आणि भांडतात. एकशे एक्केचाळिसाव्या पानावर एक म्हातारा मेला. आता त्याचं काय करायचं हे त्या लोकांना ठाऊक नाही आणि मलाही नाही. पंधरा दिवस झाले, म्हातारा तसाच पडून आहे.

ही गोष्ट मी विहारात धम्मानंदला बोललो. तो आपल्या विहार समितीचा सेक्रेटरी, तुला माहीतच आहे किती कडक. म्हणाला, "शेषराव, तुमच्या आज्यानं घरातले देव नदीत सोडले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तुमी नवा धर्म करून राहिले? काहून?" मी म्हणालो, "अरे, माझे लोक कपारीवर राहतात. धम्म घेऊन तिथं जायला अजून एसटी चालू झाली नाही." तो हसला नाही. पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यात बसलं. तेव्हा माझ्या अटी ऐक. देव नाही. पुजारी नाही. स्वर्ग-नरक नाही. जन्मावरून उंच-नीच तर नाहीच नाही. एवढं काढून घेतल्यावर धर्मात उरतं काय? तू तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलंस, तू सांग.

बाकी सगळे ठीक. दिपकची मुलगी, तुझी भाची, आठ महिन्यांची झाली. ती तिघं वरच असतात. वरच्या पत्र्याला पांढरा रंग मारला, आता उन्हाळ्यात तेवढं तापणार नाही. असो. तुझी माय बरी आहे.

तुझा बाबा
शेषराव

३ मार्च २०२४

चि. सपना,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मला सापडलं.

परवा सेनगावला जीपनं चाललो होतो. दहाच्या जीपमध्ये सोळा माणसं, मुंगी शिरायला जागा नाही. फाट्यावर एक बाई लेकरू घेऊन उभी. ड्रायव्हर म्हणाला, "सरका जरा." सगळ्यांनी कुरकुर केली आणि सगळे सरकले. बाई बसली, लेकरू बसलं, तिची कोंबड्यांची पाटीसुद्धा बसली. जी जागा नव्हती ती झाली! सपना, हा चमत्कार मी एकतीस वर्षं रोज डोळ्यांनी पाहिला आणि त्याला चमत्कार म्हणायचं मला कधी सुचलं नाही. सेनगावला उतरायचं विसरलो, पुढं जाऊन परत आलो.

तर कपारी लोकांचा धर्म असा. कपारीवर मूल जन्मलं की सुईण एकच शब्द मोठ्यानं म्हणते, "सरका." तो शब्द तोंडातोंडी दोन्ही टोकांपर्यंत जातो आणि सात कोसांवरचा माणूसही वीतभर सरतो. तेच त्या मुलाचं बारसं. ज्याच्यासाठी सगळा मुलूख सरला, त्याला कोणी परकं म्हणू शकत नाही. माणूस मेला की त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत, सगळे मिळून पुन्हा वीतभर परत सरतात. म्हणजे जागा त्याची नव्हतीच, कोणाचीच नसते. माझा म्हातारा एकदाचा मार्गी लागला.

त्यांच्यात पाप एकच, ठाण मांडणं. चोरी, खोटेपणा, मारामारी हे सगळं ठाण मांडण्यातूनच निघतं, असं त्यांचे जाणते लोक शिकवतात. देव नाही, पण एक पहिली बाई आहे. कपारीवर दोनच माणसं होती तेव्हा तिसरं आलं, आणि ही त्याच्यासाठी सरली. चौथं आलं, पुन्हा सरली. सरता सरता धुक्यात गेली. पडली का, ते कोणी सांगत नाही. तिला सरती माय म्हणतात. तिची मूर्ती करत नाहीत, कारण मूर्ती ठाण मांडते. हे वाक्य धम्मानंदला वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाला, "हे बराबर आहे."

स्टँडसमोरच्या हॉटेलच्या बाकड्यावर उकंडरावांनाही वाचून दाखवलं. साठ एकरांचा धनी माणूस, रोज सकाळी नऊ ते अकरा तो बाकडा त्यांचाच. त्यांनी विचारलं, "मंग वावर कोनाच्या नावावर असते त्यायचं?" मी म्हणालो, कोणाच्याच नाही. त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "लिवा तुमी. कागदावर काय, काहीबी होते."

धर्माची तीस पानं सोबत पाठवतो. तू वाचावीस अशी इच्छा आहे. तुझ्याकडून कौतुक नको, पण हे चांगलं झालं आहे हे मला माहीत आहे.

तुझा बाबा

२८ मार्च २०२४

चि. सपना,

पाकीट मिळालं. चिठ्ठी नाही, नुसती माझीच पानं परत. पण लाल शाईनं भरलेली. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. मी पाच-दहा मिनिटं काही वाचलंच नाही, नुसतं अक्षर पाहत बसलो. मला फार बरं वाटलं, ते लिहून टाकतो.

मग वाचलं आणि डोकं फिरलं.

ऱ्हस्वदीर्घ सुधारलेस, ठीक. दोन ठिकाणी "पाल्हाळ" लिहिलंस, तेही मान्य. पण तीस पानांचा धर्म वाचून झाल्यावर शेवटच्या पानाच्या तळाशी एवढंच? "कडेला कोण बसतं?"

कोण बसतं म्हणजे काय? पाच माणसं रुंदीची जागा आहे, कोणीतरी भिंतीला बसणार, कोणीतरी कडेला बसणार. चपळ लोक बसत असतील, तरणे बसत असतील. मूल जन्मलं की सगळे सरतात, तेव्हा कडेच्या माणसाचं काय होतं, असा तुझा रोख दिसतो. अगं, गोष्ट आहे ती! बांधकाम खात्याचा नकाशा नाही. एवढा मोठा विचार मांडला त्याचं काही नाही, आणि तुला कडेचा माणूस दिसला. लहानपणापासून तुझं हेच. जेवायला बसलो की भाजी कशी झाली हे न सांगता, मायसाठी उरली का, हे विचारायचीस.

मी यात काही बदलणार नाही. हे कळावं म्हणून लिहितो आहे.

बाबा

२१ एप्रिल २०२४

चि. सपना,

मागचं पत्र रागाचं होतं. हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. खोडून खोडून चार कागद गेले, हा पाचवा.

जयंतीच्या दिवशी घरी पन्नासेक माणसं जेवून गेली. सगळं उरकल्यावर तुझी माय ताट घेऊन बसली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. घर रिकामं झालं होतं. मी पंख्याखाली भिंतीला टेकून बसलो होतो. मी विचारलं, "पद्मा, तिथं काहून बसलीस?" ती म्हणाली, "मंग कुठं बसू? पस्तीस वर्षं झाले, इथंच बसते." तिनं रागानं म्हटलं नाही. आमटी वाढून घेताना म्हणाली आणि जेवायला लागली.

कडेला कोण बसतं, ते मला दिसलं.

मग दुसरं आठवलं. एसटीत दरवाजाजवळ एक सीट असते, तिच्यावर लिहिलेलं असतं, "वाहकासाठी राखीव". एकतीस वर्षं मी गाडीत "मागं सरका, मागं सरका" ओरडलो आणि तिकिटं फाडून झाली की त्या सीटवर येऊन बसलो. गर्दीत एखादी म्हातारी तिथं टेकली तर दांड्यावर पंच टकटक वाजवून तिला उठवायचो. सरकायला लावणं हे माझं काम होतं, सरकणं हे लोकांचं. आणि मी त्याचाच धर्म केला! आपली राखीव सीट सोडून बाकी सगळ्या जगासाठी. कंडक्टरशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

आता जे पहिल्या पत्रात टाळलं ते लिहितो. वरची खोली तुझी होती. तू एमपीएससीच्या मुख्य परीक्षेचा अभ्यास करत होतीस आणि दिपकचं लग्न झालं. मी तुला जिन्यात गाठलं आणि म्हणालो, "सपना, तू जरा सरक." हेच शब्द. तू काही म्हणायच्या आत मी वर गेलो, तुझी पुस्तकं दोन पोत्यांत भरली आणि खाली सोयाबीनच्या थप्पीशेजारी आणून टाकली. एक पोतं उंदरांनी कुरतडलं. परीक्षा राहिली ती राहिलीच. लोकांना मी सांगत आलो की पोरगी तापट आहे, डोक्यात राख घालून निघून गेली. तू तापट आहेस हे खरं आहे. बाकीचं खोटं होतं.

मी चुकलो, सपना. तुला विचारलं नाही. मला लाज वाटते.

आता कादंबरीचं. तुझा प्रश्न बरोबर आहे आणि त्यानं माझा अख्खा धर्म ढासळला. उत्तर सापडलं तर लिहीन. नाही सापडलं तर कादंबरी चुलीत घालीन, पण खोटा धर्म छापणार नाही.

बाबा

२६ मे २०२४

चि. सपना,

सापडलं! पण सुखासुखी नाही.

पहिल्यांदा मी कड्याला कठडा बांधला. दोन दिवसांत पाडला. कठडा असला की कोणाला कोणासाठी सरायची गरजच उरत नाही आणि धर्म बोंबलतो. मग वयाप्रमाणे पाळी लावली, तरण्यांनी कडेला आणि म्हाताऱ्यांनी भिंतीला. तुझ्या मायला वाचून दाखवलं. हो, आता तिला वाचून दाखवतो. लसूण सोलत ऐकते आणि नको तिथं बरोबर टोचते. म्हणाली, "आन म्हातारे भिंतीवरून उठतच न्हाईत मंग? तरण्यायनं म्हातारं व्हायाची वाट बघत बसायचं व्हय?" तीही पानं गेली.

शेवटी जे उरलं ते असं. भिंतीला जो सगळ्यांत जास्त दिवस टेकला, त्यानं आधी उठायचं आणि कडेला जाऊन बसायचं. कडेचा माणूस भिंतीला येणार. याला ते "भिंत सोडणं" म्हणतात आणि त्यांच्या लेखी यापेक्षा मोठं पुण्य नाही. वर्षातून एक दिवस सगळी कपार भिंत सोडते, तोच त्यांचा सण. त्या दिवशी सात कोस माणसं एकमेकांना ओलांडत जातात, हात धरून, कारण ओलांडताना हात धरला नाही तर दोघंही दरीत जातील. आता मूल जन्मलं की सरकायची सुरुवात भिंतीकडून होते. भिंतीचा माणूस उठून कडेला उभा राहतो, मग बाकीचे आत सरतात. कडेवरून कोणी पडत नाही. सरती मायसुद्धा आता माझ्या पुस्तकात धुक्यात जात नाही. कोणीतरी उठतं आणि तिचा हात धरून तिला भिंतीला आणून बसवतं. ते पान लिहिताना मी रडलो, तुझ्या मायनं पाहिलं.

धर्म आधी घरात चालवून पाहिला. पंख्याखालची माझी जागा मी सोडली. पहिले दोन दिवस तुझी माय तिथं अवघडून बसली, मांडी घालू का पाय सोडू ते तिला कळेना. तिसऱ्या दिवशी उशी मागितली. आता पेपर आला की आधी तिच्याकडे जातो.

दिपकला जिन्यातली सगळी गोष्ट सांगितली. दोन दिवसांनी तो म्हणाला, "बाबा, मी पण तवा ताईला इचारलं न्हाई. खोली खाली करतो." मी नको म्हणालो. एकाला सरकवून दुसऱ्याला बसवायचं, हे मी एकदा करून बसलो आहे. चूक माझी, तर सोडायचीही मीच. आतली माझी खोली तुझी केली, भिंतीतल्या दोन्ही कपाटांसकट. उंदरांपासून वाचलेली पुस्तकं पुसून तिथं लावली आहेत. तू ये किंवा येऊ नकोस, खोलीचा आणि येण्याचा संबंध नाही. मी ओसरीवर बाज टाकली आहे आणि झोप चांगली लागते.

नवी पानं सोबत. जरा कडक तपास.

बाबा

७ जुलै २०२४

चि. सपना,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी स्टँडवर होतो. पोस्टमन तिथंच देऊन गेला आणि मी उभ्या उभ्याच फोडलं.

"पटलं." एवढंच लिहिलंस, तेही पान साठवर. मी उकंडरावांना म्हणालो, "चहा सांगा सगळ्यांना, माझ्यातर्फे." त्यांना वाटलं दिपकला नोकरी लागली.

आणि मग मागचं पान उलटलं. तू स्वतः लिहिलेलं कलम! मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. "सरका हा शब्द उच्चारायचा हक्क फक्त कडेला बसलेल्याचा आहे. भिंतीला टेकलेल्यानं तो शब्द तोंडातून काढला, तर ते ठाण मांडण्याहून मोठं पाप." सपना, मी सहा महिने धर्म रचतो आहे आणि त्याचा कणा तू अडीच ओळींत घातलास. मी भिंतीच्या माणसाला चांगलं वागायला शिकवत होतो. तू कडेच्या माणसाच्या तोंडात शब्द दिलास. त्याला आता कोणाच्या चांगुलपणाची वाट पाहायला नको. मला एवढा आनंद कधी झाला होता, आठवत नाही. नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

तुझ्या कलमाचा पहिला फटका मलाच बसला. तुझ्या मायला ते वाचून दाखवलं आणि आता ती दिवसातून चार वेळा "सरका" म्हणते. चुलीपुढून, नळावरून, टीव्हीपुढून. परवा पाहुण्यांसमोर म्हणाली. पाहुणे चपापले, मी उठलो.

परभणीचे एक प्रकाशक आहेत, वैजनाथराव. त्यांनी हस्तलिखित वाचलं. म्हणाले, मारामाऱ्या झकास आहेत, धर्माची पानं निम्मी करा, वाचक कंटाळेल. मी म्हणालो, धर्म काढलात तर मागं नुसती चालणारी आणि खाणारी माणसं उरतात, ती तुम्हाला बाजारात फुकट दिसतील. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, एकही ओळ न कापता छापतो म्हणाले. जिंकलो!

त्यांना मी एक अट घातली. कव्हरवर दोन नावं, आधी सपना शेषराव आणि मग शेषराव. पण यावेळी मी शिकलो आहे. तुला विचारतो. नाव घालू का? नको असेल तर नको म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण तुला सांगणार नाही.

बाबा

१६ डिसेंबर २०२४

चि. सपना,

तुझी गाडी सकाळी गेली आणि मी घरी येऊन लगेच लिहायला बसलो. आपल्या दोघांच्या नावाच्या पुस्तकाच्या प्रकाशनाचा कालचा कार्यक्रम तुला स्टेजवरून नीट दिसला नसेल. रात्री घरात एवढी माणसं होती की सांगायचं राहिलं आणि सकाळी तू भांडायला लागलीस.

तू तुझं कलम वाचत होतीस. मान खाली होती. मी मांडवाच्या मागच्या बाजूला, चहाच्या चुलीपाशी उभा होतो. पुढं दोन सोफे, त्यांच्यावर उकंडराव, धम्मानंद, वैजनाथराव आणि गावातले मोठे लोक. त्यांच्यामागं खुर्च्या, त्यांच्यावर आम्हा सगळ्यांसारखी माणसं. खुर्च्या संपल्यावर बांबूला धरून उभ्या बाया, त्यांत सोयाबीन काढायला जाणारी पारुबाई. सकाळपासून उभी होती. तू म्हणालीस, "सरका हा शब्द उच्चारायचा हक्क फक्त कडेला बसलेल्याचा आहे," आणि श्वास घ्यायला थांबलीस. तेवढ्यात पारुबाई मागून खणखणीत बोलली, "आमी कडेलाच हाव माय. सरका मंग!"

मांडव हसला. पारुबाई हसली नाही. वाट पाहत उभी राहिली.

आणि उकंडराव उठले. कोणी सांगितलं नाही, कोणी हात धरला नाही. धोतर सावरलं, म्हणाले, "म्हातारी बराबर बोलून राहिली," आणि सगळा मांडव ओलांडून मागं आले. पारुबाईला म्हणाले, "जा माय, बस." ती गेली आणि सोफ्यावर बसली, खुरप्याची पिशवी मांडीवर घेऊन. मग धम्मानंद उठला. मग वैजनाथराव. मग खुर्च्यांवरची माणसं एकेक करून. तेव्हा तू मान वर केलीस आणि तुला अख्खा मांडव उभा दिसला. तुला वाटलं, लोक उठून चालले. तुझा आवाज कापला, मी ऐकला. सपना, ते जात नव्हते. ते भिंत सोडत होते. शंभर-दीडशे माणसं एकमेकांच्या अंगावरून, "जा, जा, पुढं जा" करत जागा बदलत होती आणि बाया पुढं येऊन बसत होत्या. आपण कागदावर बसवलेला धर्म गोरेगावच्या मांडवात चालत होता, माझ्या डोळ्यांदेखत. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलोही. काय ओरडलो, ते आठवत नाही.

तुझी माय चुलीपाशीच होती, पातेल्यात साखर टाकत. तिनं सगळं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सरका, मला पुढं जायचंय," आणि पदराला हात पुसून निघाली. पारुबाईशेजारी बसली ती कार्यक्रम संपेपर्यंत उठली नाही. चहा मी केला. साखर कोणी किती टाकली याचा मेळ लागला नाही, लोकांनी गोड मानून घेतला. उकंडराव कप वाटत होते.

तू मुक्कामाला राहिलीस, त्यावर काही लिहीत नाही. लिहायला गेलो तर पत्र ओलं होईल.

आता सकाळच्या भांडणावर येतो, कारण गाडी सुटली आणि माझं बोलणं अर्धं राहिलं. प्रश्न असा की कडेच्यानं सरका म्हटलं आणि भिंतीचा उठलाच नाही, तर काय करायचं? तू म्हणतेस, त्याला शिक्षा नको. बाकीच्यांनी त्याच्याजवळून उठून जावं, त्याला त्याच्या भिंतीबरोबर एकटं बसू द्यावं, तो आपोआप उठेल. खिडकीतून तू मला बोट दाखवून म्हणालीस, "बाबा, तुम्ही असेच उठलात ना?"

हो, मी तसाच उठलो. चार वर्षं लागली मला. तेवढा वेळ कडेच्या माणसाकडे असतो का? तो वाट पाहता पाहता खाली गेला म्हणजे? त्याची परीक्षा राहिली म्हणजे? माझं म्हणणं पक्कं आहे. चौघांनी मिळून त्याला उचलायचा आणि कडेला नेऊन ठेवायचा. मारायचं नाही, बोलायचं नाही, नुसता उचलायचा. दुसऱ्या भागाचं पहिलं प्रकरण मी याच्यावरच लिहिणार आहे, आणि तुझ्या लाल पेनाला मी भीत नाही.

तुझं चुकतं आहे, सपना. पत्रातून हे मिटायचं नाही. येत्या शनिवारी ये आणि समोर बसून भांड.

तुझा बाबा